चौदा ऑक्टोबर

“शेलार कोण तुमच्यातली?” खिडकीपलीकडून प्रश्न आला.

“दोघीही,” मी म्हणाले. “मी वच्छला. ही अनसूया, माझी धाकटी बहीण.”

“सख्खी?”

“सख्खीच की.”

मुंबईच्या त्या जर्मन वकिलातीत मराठी माणसांचे अर्ज कारखानीसबाई बघत. केस चापून बांधलेले, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि बोलणं असं की एक शब्द जादा नाही. त्यांनी माझे कागद उजव्या हाताला ठेवले, अनशीचे डाव्या हाताला. मग पेन्सिलीचं टोक एकदा इकडं टेकवलं, एकदा तिकडं.

“एक जून अठ्ठेचाळीस,” त्या म्हणाल्या. “आणि ही चौदा ऑक्टोबर अठ्ठेचाळीस. साडेचार महिने. तुम्ही दोघी नर्स आहात ना? मग मला सांगा, एका आईला साडेचार महिन्यांच्या अंतरानं दोन मुली कशा होतात?”

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मी उगाच पिशवीतले कागद चाळू लागले. अनशी मात्र खिडकीपाशी वाकून म्हणाली, “आमची आई कामाला भारी उरकती आहे हो बाई!”

कारखानीसबाईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला. पण तेवढाच.

ही एकाहत्तर सालची, जुलैची गोष्ट. मिरजेच्या एका इस्पितळात आम्ही दोघींनी नर्सिंग केलं, एकाच खोलीत राहिलो, आणि जर्मनीतल्या एका इस्पितळानं तीन वर्षांसाठी दोघींनाही बोलावलं. एवढ्या लांब मुक्कामाचा व्हिसा मिळायचा तर प्रत्येक कागद नीट असावा लागे. एक सप्टेंबरला कामावर हजर व्हायचं होतं. आजवर आमचे दोघींचे दाखले कुणी एकाशेजारी एक ठेवून पाहिलेच नव्हते. शाळेनं दिले ते नर्सिंगला लावले, नर्सिंगचे पासपोर्टाला लावले. ते शेजारी शेजारी ठेवणारं पहिलं माणूस म्हणजे या कारखानीसबाई.

“शाळेतली चूक आहे,” मी म्हणाले. “हिचं साल एकोणपन्नास पाहिजे. ही माझ्याहून सव्वा वर्षानं लहान आहे.”

“असेल. पण मला तसा कागद पाहिजे. शाळेनं दुरुस्ती करून द्यायची, ज्यांनी नोंद केली त्यांनी प्रतिज्ञापत्र करायचं, आणि पासपोर्टावर तसा शिक्का आणायचा. तीन आठवडे देते. तुमच्या अर्जात खोट नाही, तुमचा व्हिसा होईल. हिचा अर्ज मात्र खोटी माहिती दिली म्हणून परत जाईल.”

“आणि परत गेला की?”

“मग पुन्हा अर्ज करू नये हे बरं.”

बाहेर पायऱ्यांवर अनशी म्हणाली, “आक्का, तू जा. मी इथंच राहते. आईजवळ कुणीतरी पाहिजेच.”

“गप बस,” मी म्हणाले. “एक आकडा बदलायचाय. आठाचा नऊ. त्याला काय एवढं?”

आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो. त्यात गुपित काही नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीत घ्यायला सहा वर्षं पुरी लागायची, आणि आईबापांना पोराचा जन्म आठवायचा तो एखाद्या पुरावरून नाहीतर म्हशीच्या रेडकावरून. मग गुरुजी पोराला उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं. लिहा एक जून.

आमचे वडील दगडू शेलार घाटात मैलकुली होते. रस्त्याच्या बाजूच्या चरी साफ करायच्या, खड्डे बुजवायचे, पडलेली दरड उपसायची. आम्ही घाटातल्या चौकीत राहायचो, माणसांपासून लांब. वाकणवाडीची शाळा चार मैलांवर. एकटीनं एवढं चालायचं नाही म्हणून वडिलांनी दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. मी कान धरला, मला एक जून मिळाली. अनशीचा हात कानाच्या वर दोन बोटं राहिला, तरी गुरुजींनी तिला घेतलं. तिच्या नावापुढं लिहिलं चौदा ऑक्टोबर. सबंध शाळेत तशी तारीख कुणाचीच नव्हती. अनशी त्यावरून मिरवायची. “तुम्ही सगळी एका टोपलीतली कोंबडी,” म्हणायची. “माझी गोष्टच वेगळी.”

रजा एकीलाच मिळाली. मी वाकणवाडीला गेले. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि आई मामाच्या गावी राहायला गेली होती, त्यामुळं घाटात आमचं आता कुणीच नव्हतं.

आमच्या तारखा लिहिणारे साबळे गुरुजी निवृत्त झाले होते, पण शाळेला लागूनच असलेल्या त्याच दोन खोल्यांत राहत होते. ओट्यावर बसून ते छत्रीचं कापड काडीला शिवत होते. दाभण नाकाजवळ धरलेलं.

“कोण? दगडूची थोरली काय गं?”

“हो गुरुजी. ओळखलंत!”

“चालण्यावरून. लहानपणी पण अशीच यायचीस. अर्ध्या वाटेत थांबून मागं बघायचीस, धाकटी येतेय का म्हणून.” मग आत तोंड करून म्हणाले, “अगं, चहा टाक. जर्मनीची पाहुणी आलीय.”

बातमी माझ्याआधीच पोचली होती. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं. वकिलात, दोन अर्ज, साडेचार महिने. “फक्त आठाचा नऊ करायचाय, गुरुजी. नव्या हेडमास्तरांना तुम्ही सांगितलंत तर ते करतील.”

गुरुजींनी दाभण छत्रीत टोचून ठेवलं.

“ते नाही व्हायचं, वच्छे.”

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. “एकच आकडा, गुरुजी.”

“आकडा एक असला म्हणून काय झालं? माझ्या रजिस्टरात सहाशेच्या वर पोरांच्या तारखा आहेत. सगळ्या मी ठरवल्या. सरकारला पाहिजे होत्या, मी दिल्या. त्यात एकच तारीख अशी आहे की जी मी ठरवली नाही. नेमकी तीच तू बदलायला सांगतेस.”

माझा तोल गेला. गुरुजींशी वर तोंड करून मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. “तुमचं रजिस्टर एवढं सोवळ्यातलं आहे का? आमची अनशी मागं राहील! दोघींनी मिळून जायचं म्हणून सहा वर्षं घासली आम्ही. ती राहिली तर मी पण जाणार नाही.”

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अहो, नका ना.”

“मग कुणापाशी ठेवून जायचं?” गुरुजी म्हणाले. “आपण दोघं आणखी किती दिवसांचे?” आणि मला म्हणाले, “तुझ्या आईनं कधीच काही सांगितलं नाही?”

“कशाबद्दल?”

ते उठले. “चल.”

रविवार होता, शाळा बंद होती. गुरुजींनी कडी काढली. वर्गात धुक्याचा ओलसर वास होता. खिडकीखालच्या भिंतीशी ते थांबले, फरशीकडं बोट केलं आणि म्हणाले, “इथं बस.” मी बसले. समोर फळा होता.

“अठ्ठेचाळीस साली घाटाचा रस्ता रुंद करत होते,” गुरुजी उभ्यानंच सांगू लागले. “खडी फोडायला देशावरून माणसं आली होती. त्यांत साळू म्हणून एक होती. तिचा नवरा सुरुंगाच्या कामात गेला आषाढात. तरी ती राहिली, जाणार कुठं? पोट पुढं आलेलं, हातोडा चालूच. दसरा झाला, त्याला दोन दिवस झाले असतील. सकाळची प्रार्थना झाली, मी फळ्यावर तारीख घातली आणि बघतो तर ओट्यावर ही खांब धरून उभी. पालं दोन मैल लांब. तिथवर पोचली नसती. मी पोरांना सुट्टी दिली.”

“मी होते,” दारातून काकू म्हणाल्या. त्या मागोमाग आल्या होत्या. “मीच सोडवली तिला. दुपारी मुलगी झाली. मुलगी बरी होती, पण साळूचं रक्त थांबेना.”

मी नर्स. रक्त थांबत नाही म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं.

“तालुका अठरा मैल,” गुरुजी म्हणाले. “तुझा बाप मोटार आणायला घाट पळत उतरला. तोवर ती इथंच पडून होती, तू बसलीयस तिथं. अक्षरओळख नव्हती तिला. बराच वेळ समोर बघत होती. मला म्हणाली, ‘गुरुजी, ते काय लिव्हलंय?’ म्हटलं, आजची तारीख. ती म्हणाली, ‘म्हंजी हिची?’ म्हटलं, होय, हिचीच.”

गुरुजी फळ्याकडं वळले.

“चाळीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, वच्छे. माझ्या अक्षराकडं तसं कुणी बघितलं नाही. तिच्याकडं त्या पोरीला द्यायला काही नव्हतं बघ. ना नाव ठेवायला वेळ, ना फडकं. मग म्हणाली, ‘पुसू नगा.’ एवढंच. तुझा बाप मोटार घेऊन आला तोवर संपलं होतं.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी फळ्याकडं बघत राहिले. त्यावर आदल्या दिवशीचं कुणाचं तरी गणित होतं.

“मी ती पुसली नाही,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्या दिवसापासून खालच्या कोपऱ्यात रोजची तारीख लिहायचो. पोरांना सांगितलं, वरच्याला हात लावायचा नाही. तपासणीला साहेब आले, म्हणाले, साबळे, फळ्यावर तारीख चुकलीय. म्हटलं, चुकली नाही साहेब. त्यांनी शेरा मारला. पुढं फळा काळा करायची वेळ आली. पाऊण वर्ष टाळलं. मग एका कागदावर उतरवून ठेवली आणि कोळसा फासला. आणि ज्या दिवशी तुझा बाप तुम्हा दोघींना घेऊन आला, त्या दिवशी तो कागद काढून रजिस्टरात लिहिली. तिला सहा वर्षं पुरी नव्हती. नियमात बसत नव्हती. तरी लिहिली. आता तूच सांग, मी कुठल्या हातानं पुसू?”

मी विचारलं, “मग ती आमच्याकडं कशी?”

उत्तर काकूंनी दिलं. “रात्रभर मी तिला बोटानं साखरपाणी चाटवलं. सकाळी तुझी आई आली. तू काखेत, चार महिन्यांची. बाळ रडून रडून निळं पडत चाललं होतं. तिनं काही विचारलं नाही. जात नाही, गाव नाही, काहीच नाही. तुला माझ्या हातात दिलं आणि त्याला पदराखाली घेतलं.”

आजवर मी शेकडो बाळंतपणं केली. दोन देशांत केली. पण त्या रिकाम्या वर्गात बसल्या बसल्या मला जे वाटलं, ते पुन्हा कुठल्याही खोलीत वाटलं नाही. देवळातसुद्धा नाही. मी जिथं पाटी घेऊन बसले होते, पाढे म्हटले होते, तिथलीच ती फरशी. मी हळूच बाजूला झाले, कुणी निजलेलं असावं तशी.

“अनशी मागं राहणार नाही,” गुरुजी एकदम म्हणाले. आवाज पुन्हा मास्तरांचा झाला होता. “वेळ पडली तर तिची तारीख खरी आहे हेच सिद्ध करीन. पण मग ती कुणाची, ते वकिलातीच्या खिडकीत निघेल. ते मला नको. त्यापेक्षा तुझी बदलू.”

“माझी?”

“तुझी एक जून कुठं खरी आहे? ती माझी देणगी. मीच दिली, मीच बदलतो. सत्तेचाळीस करू. म्हणजे मध्ये सोळा महिने पडतात. जगातल्या कुठल्याही आईला पुरतात.”

“पण गुरुजी, ते खोटं होईल.”

“आधी काय खरं होतं? एका वर्षानं म्हातारी होशील. चालेल?”

“चालेल.”

सोमवारी हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. गुरुजींनी धोतराला हात पुसले, तांबड्या शाईत टाक बुडवला. आमची पानं मी पहिल्यांदाच बघत होते. एक जून, एक जून, एक जून, अशी खालपर्यंत रांग, आणि मध्येच ती एक तारीख, बाकीच्यांपेक्षा ठसठशीत लिहिलेली. तिच्या वरच्या ओळीत गुरुजींनी माझ्या सालावर रेघ मारली, बाजूला नवं साल लिहिलं, सही केली.

“माझ्या रजिस्टरातली पहिली खाडाखोड,” ते म्हणाले. मग हेडमास्तरांकडं बघून, “बघताय काय? टिपकागद द्या.”

तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. पासपोर्टावर शिक्का मिळायला आणखी नऊ दिवस गेले. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना आम्ही दोघी पुन्हा त्या खिडकीशी उभ्या राहिलो. अनशीला मी एवढंच सांगितलं होतं की चूक माझ्या तारखेत निघाली.

कारखानीसबाईंनी दाखला वाचला. प्रतिज्ञापत्र वाचलं. पुन्हा दाखला वाचला.

“तुम्ही तर म्हणाला होता, धाकटीची तारीख चुकलीय.”

“मला तसं वाटत होतं. गुरुजींनी तपासून सांगितलं. हिची बरोबर आहे.”

“अगदी बरोबर?”

“त्या एका तारखेइतकं बरोबर त्या रजिस्टरात दुसरं काही नाही, बाई.”

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडं पाहिलं, मग अनशीकडं. अनशी रांगेतल्या कुणाच्या तरी तान्ह्या बाळाला वेडावून दाखवत होती. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला, दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले आणि एकाच टाचणीनं टाचले.

“सोमवारी पासपोर्ट घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “दोघींचे.”

निघायच्या आधी आम्ही आईला भेटायला मामाच्या गावी गेलो. संध्याकाळी अनशी गल्लीतल्या बायकांचा निरोप घ्यायला गेली. आई उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती, आमच्याबरोबर द्यायला. मी पाटावर बसले.

“आई, गुरुजींनी माझं साल बदललं. एका वर्षानं मोठी केली मला.”

मुसळ वरच्या वर थांबलं. “आन् अनशीचं?”

“नाही बदललं. ते नाही म्हणाले.”

“न्हाईच म्हननार ते,” आई म्हणाली. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं, पदरानं तोंड पुसलं. “समदं सांगितलं व्हय?”

“सांगितलं.”

ती उखळाच्या कडेला सांडलेले दाणे वेचू लागली. मी विचारलं, “तिला सांगू?”

“आत्ता नगं. परक्या मुलखात निघालीया. मी गेल्यावर सांग. पन हिकडं आणून सांग, त्या साळंत बसवून.”

मी तसंच केलं, एकोणीस वर्षांनी. अनशी तेव्हा काय म्हणाली ते तिचं आहे, ते मी लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी माझ्या मनात मात्र एकच प्रश्न होता. नर्स असल्यामुळं असेल.

“आई, तुझं दूध दोघींना पुरलं?”

“न्हाई पुरलं,” आई म्हणाली. काही लपवायचं नसल्यासारखं सरळ. “दोन दिस दोघीस्नी पाजलं. कुनाचंच प्वाट भरंना. तू दणकट हुतीस, ती मुठीएवढी. मग तुझं तोडलं. नाचनीची पेज सुरू केली तुला.”

“चार महिन्यांच्या पोरीला?”

“मग काय करू? तुझी आज्जी मला बोल बोल बोलली. म्हनली, पराव्या पोरीसाठी पोटची मारतीस काय. आठ दिस वरडलीस तू. मी तिला घ्यायची, आन् तू बाजूला पडून टकामका बघायचीस. माझ्या जिवाचं पानी पानी व्हायचं.” ती उखळातली चटणी उगाच बोटानं सारखी करू लागली. “नवव्या दिशी तिला पाजत हुते. तू हात लांब केलास. मला वाटलं, आता ओढतीस तिला. तर तिचं पाऊल धरलंस, आन् तसंच धरून झोपलीस. त्या दिशी तुझ्या बापाला म्हनलं, ही थोरली झाली. वय मोजून काय करायचंय?”

दारात चपला वाजल्या.

“काय चाललंय मायलेकींचं?” अनशी म्हणाली. “मला सोडून चटणी खाताय व्हय? आणि आक्का, पाट काय एकटीचा आहे का? सरक.”

मी सरकले. ती अर्ध्या पाटावर टेकली. मी अजून थोडी सरकले.